ब्राझीलची रात्र

१

गुरुवारी सकाळी नानांची पूजा अर्ध्यावर थांबली. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून निवेदितानं असं कधी पाहिलं नव्हतं.

नाना म्हणजे तिचे सासरे, दत्तोपंत. परभणीत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले आणि आता सोवळं नेसून यजमानांकडे पूजा सांगणारे. पोथीतलं बारीक अक्षर दिसेना तेव्हापासून स्तोत्रं ते टॅबवर वाचत. सोवळ्यात टॅबला बोट लावायचं नाही, म्हणून पान सरकवायला पळीचं टोक. दुपारी तोच टॅब निवेदिताच्या आठ महिन्यांच्या लेकीला, ईश्वरीला, अंगाई ऐकवायचा.

निवेदिता न्हाणीतून केस पुसत बाहेर येतेय तोवर देवघरात पळी पडल्याचा आवाज झाला. ती धावली. टॅब स्टुलावर पालथा पडला होता आणि नाना त्याच्यावर आपलं उपरणं टाकून, डोळे मिटून उभे होते.

"वरून एक पट्टी घसरली," ते डोळे न उघडता म्हणाले. "तिच्यावर लिहिलेलं, पियुष, तुमच्या जुरासीकडून, फक्त सदस्यांसाठी. खाली ब्राझील. मी बाजूला सारायला गेलो तर उघडलंच."

"काय उघडलं, नाना?"

"उघडं अंग." आणि ते पुन्हा अंघोळीला गेले.

सासूबाई, सुमंगलाबाई, लाटणं हातात घेऊनच आल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. "देवासमोर उघडी बाई? आणि आपल्या पियुषच्या नावानं?"

निवेदिताचा नवरा पियुष अंगणात होता. रोजच्यासारखा ईश्वरीला खांद्यावर घेऊन कोवळ्या उन्हात फेऱ्या घालत होता. हाक ऐकून तो आत आला तेव्हा त्याचा चष्मा ईश्वरीच्या मुठीत होता. दोघी बायका त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की त्यानं घाबरून आधी पोरीचंच अंग चाचपलं.

२

रविवारी पियुषच्या धाकट्या भावाचा, मुकुलचा साखरपुडा होता. मुलगी निवेदिताच्या माहेरची, वालूरची, अर्पिता. निवेदिताची सख्खी चुलत बहीण. हे स्थळ निवेदितानंच सुचवलं होतं. "मुलगा शांत आहे, कुणाला उलटून बोलत नाही," असं तिनं काकूला आपल्या तोंडानं सांगितलं होतं.

सकाळच्या गाडीनं पूर्णेला नोकरीवर जाणारा मुकुल संध्याकाळी ड्युटी करून आला आणि नानांनी सगळ्यांना बैठकीत बसवलं.

"तुला यातलं कळतं," ते मुकुलला म्हणाले. "हा काय प्रकार असतो?"

मुकुलनं मान वर केली नाही. "पैसे भरून सदस्य व्हायचं, नाना. मग ती माणसं आपले फोटो दाखवतात, व्हिडिओ दाखवतात. बोलतात पण."

"नाव तुझं होतं." नाना पियुषकडे वळले.

"टॅब माझ्या नावाचा आहे, नाना. घरातली सगळी यंत्रं माझ्या नावाची आहेत. मी काहीच केलेलं नाही."

"मग जेवण झालं की रोज फोन घेऊन गच्चीवर कोण जायलंय? कुणाशी कुजबुजायलास तिथं? हे असले धंदे रात्रीचेच असतात."

पियुषनं निवेदिताकडे बघितलं आणि नजर खाली घातली. "ते वेगळं आहे."

"सांग की मग, काय वेगळं ते."

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. सासूबाईंनी डोळे टिपले.

"शनिवारी दिवेलागणीपर्यंत देवासमोर कबूल कर," नाना म्हणाले. "नसता रविवारी तू वालूरला यायचं नाही. आणि सूनबाईला मी तिथंच तिच्या वडिलांपाशी ठेवून येईन. त्यांच्या लेकीचं काय करायचं ते त्यांना ठरवू दे."

ठेवून येईन. शेजारणीचं पातेलं परत करावं तसं. निवेदिताला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. मांडीवर ईश्वरी झोपेत ओठ हलवत होती. उठून जायचं म्हटलं तरी पोर जागी होईल म्हणून ती तशीच बसून राहिली. नवरा खोटं बोलतोय की खरं, हे शनिवारच्या आत तिला स्वतःलाच शोधायचं होतं.

३

मुकुल मोरीपाशी हात धूत होता. निवेदितानं टॉवेल पुढे केला.

"भाऊजी, तुम्हाला काय वाटतं?"

"जाऊ द्या ना, वहिनी." तो हात पुसतच राहिला. "दादाचं चुकलं असेल तर माफ करून टाका. माणसाला कधी कधी लय एकटं वाटतं."

त्याच्या खिशातून फोन डोकावत होता. आकाशी कव्हरचा, कोपरा तडकलेला. थोरल्याचे कपडे, सायकल, फोन, सगळं जुनं झालं की धाकट्याकडे जायचं, हा या घराचा रिवाजच होता. निवेदिताला त्या कव्हरकडे बघून भरून आलं. साखरपुडा झाल्यावर लग्नापर्यंत पियुष याच फोनवरून तिच्याशी बोलायचा. कव्हर तिनंच पाठवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गंध उगाळत होते तेव्हा ती समोर जाऊन बसली.

"नाना, तुम्ही नेमकं काय बघितलं?"

"सुनेनं विचारायची गोष्ट नाही ती."

"माझ्या संसाराचा निकाल लागायलाय त्याच्यावर. मला विचारू द्या."

सहाण थांबली. नाना भिंतीकडे बघून बोलले. "पाठ दिसली. पाठमोरं कुणीतरी, वाळूवर बसलेलं. समोर समुद्र. भोवती अंधार, दिव्यांची माळ लागलेली. एवढंच."

"आणि तोंड?"

"डोळे मिटले म्हणालो ना मी."

स्वयंपाकघरात तोपर्यंत गोष्ट पुष्कळ पुढे गेली होती. "समुद्रात नाचायली होती म्हणे सटवी," सासूबाई कणकेवर राग काढत म्हणाल्या.

"तुम्ही बघितली का आई?"

"मी कशाला बघू ग तसलं?"

"नाना बाई म्हणाले?"

"मग काय म्हणतील?" सासूबाईंनी गोळा परातीत आपटला. "असल्यात दुसरं असतंय तरी काय?"

निवेदिता परातीकडे बघत राहिली. नानांनी डोळे मिटले होते. सासूबाईंनी पदर लावला होता. पियुषला कुणी टॅबपाशी जाऊ दिलं नव्हतं. गुन्हा ठरला होता, गुन्हेगार ठरला होता, शिक्षासुद्धा ठरली होती. घर इतकं अब्रूदार की काय घडलं ते बघायचंच सगळ्यांचं राहून गेलं होतं.

४

दुपारी घर निजलं. ईश्वरीला पाजता पाजता निवेदितानं एका हातानं उपरणं बाजूला केलं. असल्या चोरट्या घटकाच काय त्या तिच्या मालकीच्या होत्या. या घटकांत ती भरतकाम करायची, आईशी हळू आवाजात बोलायची, कधी नुसती खिडकीतून बघत बसायची. आज तिनं टॅब पुढे ओढला.

खातं उघडंच होतं. पैसे कुठून भरले ते पान पासवर्ड मागत होतं, त्याचा नाद तिनं सोडला. पियुषच्या नावानं तिघांचं सदस्यत्व घेतलेलं होतं. तिघंही ब्राझीलचे. सगळ्यांत वर जुरासी. खाली सूचना: आज रात्री दहा वाजता भेटू, किनाऱ्यावरून. त्याच्या खाली आधीची थेट प्रक्षेपणं रांगेनं लावलेली, आणि प्रत्येकाखाली बघणाऱ्यांनी लिहिलेलं.

रात्री दहा. त्या वेळी पियुष गच्चीवर असतो.

तिनं आवाज बंद केला आणि पहिलं चित्र दाबलं. वाळू. दिव्यांची माळ. उघडी, रुंद पाठ. मग पाठमोरं माणूस वळलं आणि हसलं.

त्याला दाढी होती.

निवेदितानं दुसरं नाव उघडलं, तिसरं उघडलं. एक जण व्यायाम करत होता, एक ओल्या केसांनी गिटार वाजवत होता. अंगावर कपडे बेताचेच. पण बाई नव्हती. कुठंच बाई नव्हती.

आणि जुरासीच्या हसण्याखाली, पोर्तुगीजमधल्या गर्दीत, इंग्रजीत एक ओळ होती: आज तू फार सुंदर दिसतोस. लिहिणाऱ्याचं नाव, पियुष.

ईश्वरीनं दूध सोडून आईच्या तोंडाकडे बघितलं.

५

रात्री जेवणं झाल्यावर ती पहिल्यांदाच त्याच्या मागोमाग गच्चीवर गेली. पियुष फोनवर दबक्या आवाजात बोलत होता. तिला बघताच त्यानं फोन ठेवला.

"आत्ता सांग," ती म्हणाली. "काय असेल ते. मी ओरडणार नाही."

"एजंट होता." पियुषनं कठड्यावर हात टेकले. "वसमत रोडला एक खोली आहे. खोली आणि स्वयंपाकघर. आपण तिघं मावतो. गेला महिनाभर बघायलोय."

"नानांना..."

"नानांना कसं सांगू? थोरला मुलगा वेगळा राहतो म्हटल्यावर ते अन्न सोडतील. आणि तुला आधी सांगितलं असतं तर तू आशेला लागली असतीस."

तिला एकदम रडू आलं. त्याच्यावर विश्वास ठेवावा असं प्रत्येक हाड म्हणत होतं, आणि डोळ्यांपुढून ती इंग्रजी ओळ जात नव्हती. वेगळं घर हवं, ते कुणासाठी? तिघांसाठी, की आणखी कशासाठी? घरात राहिली तरी ही शंका घेऊन, आणि वालूरला गेली तरी ही शंका घेऊनच.

खाली ईश्वरी रडली. पियुष दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. तिनं वरूनच ऐकलं, तो पोरीला म्हणत होता, "थांब ग माय, सकाळ झाली की जाऊ आपण उन्हात."

सकाळ.

निवेदितानं अश्रू पुसले. नानांनी सांगितलं होतं, भोवती अंधार होता, दिवे लागले होते. आणि इथं अंगणात तेव्हा कोवळं ऊन होतं. जुरासीची रात्र म्हणजे परभणीची सकाळ. रात्री दहा वाजता असं तो लिहितो ते त्याच्या गावच्या घड्याळानं. तो वाळूवर येऊन बसतो तेव्हा इकडे नाना पूजेला बसलेले असतात.

ती धावत खाली आली, टॅब घेऊन न्हाणीत शिरली आणि कडी लावली. पियुषच्या नावानं लिहिलेली प्रत्येक ओळ प्रक्षेपण चालू असतानाच लिहिलेली होती. म्हणजे सकाळीच. आणि सकाळी पियुषचा एकही हात मोकळा नसतो. ईश्वरीला बापाच्या हातात फोन दिसला की ती हिसकावते, फेकते. म्हणून तो फोन फ्रिजवर ठेवूनच अंगणात जातो. ऊन असो की ढग, रविवार असो की सण, त्यात खंड नाही. हे जगात फक्त तिलाच माहीत होतं, कारण अंघोळीला तेवढाच वेळ तिला मिळायचा.

तिला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं. तिचा माणूस तिचाच होता.

मग तिनं तारखा बघितल्या, आणि हसू विरलं. जुरासी रविवारीही आलेला होता. पण रविवारच्या एकाही सकाळी पियुषच्या नावानं कुणी काही लिहिलेलं नव्हतं. सकाळच्या त्या वेळी घरात नसणारं माणूस एकच होतं, आणि रविवारी ते घरात असायचं.

६

"डोस द्यायचाय पोरीला," असं सांगून शनिवारी निवेदिता सकाळीच बाहेर पडली आणि पूर्णेच्या गाडीत चढली. मुकुल खिडकीपाशी बसला होता, कानात वायर. वहिनीला बघून त्यानं फोन पालथा घातला.

डब्यात गर्दी नव्हती. समोरचा म्हातारा टोपी तोंडावर ओढून झोपला होता. ती मुकुलशेजारी बसली.

"त्यांच्याकडे आत्ता रात्र आहे," ती हळू म्हणाली. "दिवे लागलेत का?"

मुकुलचा चेहरा उतरला. त्यानं वायर काढून बोटांभोवती गुंडाळायला घेतली.

"कसं कळलं?"

"त्या दिवशी तुम्ही म्हणालात, बोलतात पण. ज्यानं तिथं कधी कुणाशी बोललेलं नाही त्याला ते कसं ठाऊक? मग सकाळची वेळ. मग रविवार. आणि हा फोन. खातं त्यांचंच राहिलंय त्याच्यात. तुम्ही बदललं नाही."

"मला वाटलं, ज्या-त्या यंत्रापुरतं असतंय ते, टॅबवर दिसणार नाही." तो खिडकीबाहेर बघत होता. "वहिनी, तुम्ही बघितलंत का?"

"बघितलं. सगळ्यांत आधी मीच बघितलं."

गाडी रखडत चालली होती. ईश्वरीनं त्याच्या शर्टाचं बटण धरलं, आणि त्यानं ते सोडवून घेतलं नाही.

"इथून पूर्णेपर्यंत प्रत्येक डब्यात नानांचा कुणी ना कुणी विद्यार्थी असतो," तो म्हणाला. "मी कुणाकडे नीट बघू पण शकत नाही. ब्राझीलमध्ये मला कोण ओळखतंय? जे बघायचं ते बघतो, मी नाही म्हणत नाही. पण तो निम्मा वेळ नुसता बोलतच असतो. समुद्र कसा आहे, आई कशी आहे. मी आलो की नाव घेऊन विचारतो, कसा आहेस पियुष?" तो हसल्यासारखं करून थांबला. "तिथं पण मला दादाच्याच नावानं हाक मारतात."

निवेदिताला त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. पण तिला रागही आला होता, आणि तो गिळायचा नाही असं तिनं ठरवलं होतं.

"तुमच्या दादाला तुम्ही दोन दिवस फासावर राहू दिलंत, भाऊजी."

"हो."

"आणि अर्पिताला जन्मभर."

मुकुलनं बटण धरलेली ईश्वरीची मूठ आपल्या हातात घेतली.

"मी कुणाला सांगणार नाही," ती म्हणाली. "ते तुमचं आहे. पण तिला यात मी आणलंय. तिच्यापासून तुम्ही लपवलंत तर मी तिच्या तोंडाकडे बघू शकणार नाही."

मधलं पिंगळी स्टेशन आलं. ती पोरीला सावरत उतरली. गाडी हलली तेव्हा मुकुल दारात आला होता.

"आज संध्याकाळी सांगतो," तो म्हणाला. "दादाला सोडवतो."

७

संध्याकाळी देवासमोर त्यानं सांगितलं, मीच होतो. खातं दादाचं, फोन माझा. मी बघत होतो.

काय बघत होतो ते कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. निवेदिता दाराशी उभी राहून वाट बघत होती. नानांनी दीर्घ श्वास सोडला, आणि तिला दिसलं की त्यांना सुटल्यासारखं वाटलंय.

"धाकटा आहे," ते म्हणाले. "वय आहे. बायको आली की ही थेरं आपोआप बंद होतात. उद्याच यादी करून टाकू आणि जवळचाच मुहूर्त धरू."

"मी म्हणालेच होते, लग्न लांबवू नका म्हणून," सासूबाई म्हणाल्या आणि मुकुलच्या तोंडात पेढा भरला.

पियुष मोकळा झाला होता. निवेदिता घरात राहणार होती. जे सोडवायला ती निघाली होती ते सुटलं होतं, आणि पेढा तोंडात धरून उभ्या असलेल्या त्या मुलाकडे तिला बघवेना. त्यानं खरं सांगण्याच्या जागी सोपं सांगितलं होतं, आणि दार बाहेरून अधिकच घट्ट लागलं होतं.

रविवारी भाड्याची जीप वालूरला पोहोचली. ताटं उतरली, पाट मांडले. अर्पिता जांभळ्या साडीत बाहेर आली तेव्हा मुकुल उभा राहिला.

"मला आधी यांच्याशी दोन शब्द बोलायचेत."

"आतापासूनच का?" कुणीतरी म्हणालं, आणि बैठकीत हशा झाला.

दोघं मागच्या अंगणात गेले. निवेदिता खिडकीपाशी ईश्वरीला थोपटत उभी राहिली. ऐकू काही येत नव्हतं. मुकुल बोलत होता, खाली बघून. अर्पिता आधी हसत होती, मग हसायची थांबली, मग तिनं हातातला गजरा कपडे वाळवायच्या तारेवर अडकवला. पुढचं निवेदिताला ऐकू आलं, कारण ती मोठ्यानं बोलली.

"मी नाही म्हणाले तर खोट माझ्यात निघते. तुम्ही म्हणा. आणि कारण द्या. नुसतं नाही म्हणून गेलात तर लोक माझ्याच अंगात कारण शोधतील."

"देतो," मुकुल म्हणाला.

तो बैठकीत आला. नाना पंचांग उघडून बसले होते. मुकुलनं हात जोडले, पण ते कुणासाठी हे कळलं नाही.

"नाना, मला हे लग्न करायचं नाही. अर्पितामध्ये काही कमी नाही. मला मुलगीच नको. तुम्ही त्या दिवशी डोळे मिटले म्हणून तुम्हाला दिसलं नाही. तो पुरुष होता."

निवेदिताच्या काकूनं आधी लेकीचा हात धरला आणि तिला आत नेलं. सुमंगलाबाई मुकुलकडे बघत होत्या. तोंडाला लावायला पदर उचलला होता, तो तसाच हातात राहिला. नानांनी पंचांग मिटलं आणि तोंड न वळवता एवढंच म्हणाले, "गाडीत बसा."

निघताना अर्पितानं आतून येऊन निवेदिताला गाठलं. "ताई, स्थळ आणताना जरा बघून आणत जा," ती म्हणाली. डोळे भरलेले होते. मग हलक्या आवाजात म्हणाली, "पण सांगितलं त्यानं. सांगितलं तरी."

जीपमध्ये नाना नेहमीसारखे ड्रायव्हरशेजारी बसले, आणि दाराकडची जागा थोरल्यासाठी ठेवून सरकले. मधल्या बाकावर सासूबाई आणि निवेदिता. मुकुल सगळ्यांत मागं, परत आणलेल्या ताटांच्या मधोमध, गुडघे पोटाशी घेऊन.

"पुढं ये," नाना पियुषला म्हणाले.

पियुष गाडीपाशी उभा होता. त्यानं पुढच्या दाराला हात लावला, लावून ठेवला. मग ते बंद केलं आणि गाडीला वळसा घालून मागं गेला.

"सरक," तो मुकुलला म्हणाला. "हे ताट माझ्या मांडीवर दे."

"पियुष," नाना आरशात न बघता म्हणाले.

"मी इथं बसतो, नाना."

ड्रायव्हरनं नानांकडे बघितलं, मग आरशात बघितलं. "निघायचं का, गुरुजी?"

सासूबाईंनी मागं न बघता हात मागे नेला. निवेदिताला वाटलं त्या ताट नीट करतायत. पण त्यांनी चाचपत चाचपत धाकट्याचा गुडघा शोधला, आणि हात तिथंच राहू दिला.

"चला," नाना म्हणाले.